डोया

माझ्या कपाटात एक जुनी तपासणीपत्रिका आहे. फूलस्केप कागद, कडा पिवळ्या पडलेल्या, वर माझंच अक्षर. २००३ सालचा जुलै. मुलगा, वय सहा वर्षं, पहिली. पाठवणारे: वर्गशिक्षिका. तक्रार: उच्चार अस्पष्ट, ‘ळ’ आणि ‘ण’ येत नाहीत. खाली माझ्या तपासणीचा तक्ता. डोळा, त्यापुढे ‘डोया’. काळा, त्यापुढे ‘काया’. फळ, ‘फय’. पाणी, ‘पानी’. आणि सर्वांत खाली, दोन रेघा मारून अधोरेखित केलेलं निदान: उच्चारदोष. आठवड्यातून दोन सेशन, चार महिने.

मी तेव्हा धुळ्यात नवीन होते. पुण्यात वाढले, मुंबईत शिकले, लग्नानंतर इथे आले. शहरात आमच्या विषयाचं कुणी जवळपास नव्हतंच. स्पीच थेरपिस्ट म्हणजे काय हे दवाखान्याच्या पाटीखाली कंसात ‘बोलण्याचे दोष’ असं लिहून सांगावं लागे. म्हणून शाळेतून आपणहून पाठवलेला तो मुलगा आला तेव्हा मला फार आनंद झाला होता. एका बाईंनी मुलाच्या बोलण्याकडे लक्ष दिलं, वेळेवर पाठवलं, आता आपण ते नीट करू.

‘ळ’ शिकवायची एक पद्धत आहे. टाळूवर, थोडं मागे, मधाचं बोट लावायचं आणि जिभेचं टोक उलटं वळवून तो मध चाटायला सांगायचं. समोर आरसा. मग जीभ तिथून सुटताना आवाज काढायचा. आधी नुसता, मग ‘आळा’, ‘ओळो’, मग शब्द, मग वाक्य. तो मुलगा हुशार होता. सहा आठवड्यांत शब्दांत ‘ळ’ यायला लागला. दिवाळीपर्यंत वाक्यांत आला.

त्याला न्यायला त्याचे आजोबा येत. खेड्यातून रोज एसटीने शहरात कामाला येणारे, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. बाहेरच्या बाकावर गप्प बसून राहायचे. एक दिवस सेशन संपल्यावर ते उठले आणि नातवाचा हात धरून म्हणाले, “चाल भाऊ. मना डोया दुखस.”

मुलगा थांबला. मान वर करून म्हणाला, “बाबा, डोया नाही. डोळा.”

आजोबा हसले. हसता हसता त्यांनी तोंडावर हात ठेवला, तसाच ठेवून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहत जिना उतरले.

त्या दिवशी मी पत्रिकेवर लिहिलं: ‘घरच्या बोलण्यातही वापर. स्वतःहून दुरुस्ती करतो.’ शिकवलेलं दवाखान्याच्या खोलीबाहेर पोचलं की आमच्या विषयात ते मोठं यश मानतात. मी त्या ओळीपुढे तारा काढला होता. तो अजून तिथे आहे.

*

त्या मुलाला कोणताही दोष नव्हता. तो अहिराणी बोलत होता.

हे एका वाक्यात लिहिता येतं, पण मला ते कळायला सहा-सात वर्षं लागली. खानदेशात, आणि वऱ्हाडातही, अनेक बोलींमध्ये ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो. ‘ण’ चा ‘न’ होतो. ही जिभेची अडचण नाही, हा त्या बोलीचा नियम आहे, आणि तो इतका पक्का आहे की ते मूल ‘डोया’ चुकून कधी ‘डोरा’ किंवा ‘डोला’ म्हणत नाही. खऱ्या उच्चारदोषात मूल त्याच्या घरातल्यांपेक्षा वेगळं बोलतं. हा मुलगा अगदी आपल्या आजोबांसारखं बोलत होता. मी आजोबांना एक शब्द बोलायला लावला असता तरी निदान तिथेच गळून पडलं असतं. चार महिने ते माझ्या दारात बसून होते.

ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय भाषांचं सर्वेक्षण केलं तेव्हा खानदेशीला (अहिराणी तिच्यातच येते) मराठीत धरलंच नाही, भिल्ल भाषांबरोबर नवव्या खंडात ठेवलं. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीहून वेगळी मोजली गेली, बोलणारे सुमारे साडेअठरा लाख. अहिराणी भाषा की बोली यावर इथे लग्नाच्या मांडवातसुद्धा वाद होतात, आणि त्यात पडायचा मला अधिकार नाही. पण साडेअठरा लाख माणसांच्या तोंडी असलेली गोष्ट माझ्या तपासणीच्या कागदावर ‘दोष’ म्हणून उमटत होती. तो कागद कुणी तयार केला, कुणाचं बोलणं समोर ठेवून केला, हा प्रश्न मला पदवीच्या चारही वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता.

आमचा व्यवसाय या देशात तसा तरुण आहे. साठच्या दशकाच्या मध्यावर मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था उभी राहिली, मुंबईत नायर हॉस्पिटलमध्ये पदवीचं शिक्षण सुरू झालं. १९८३ साली वांद्र्याची अली यावर जंग संस्था आली. पहिल्या पिढीचे शिक्षक अमेरिकेची, इंग्लंडची पुस्तकं वापरत होते, दुसरं हाताशी काही नव्हतंच. त्यांनी मोठ्या कष्टाने चाचण्या भारतीय भाषांत आणल्या. पण चाचणी ‘मराठीत’ आणायची तर कोणत्या मराठीत? पाठ्यपुस्तकाच्या. हे इतकं स्वाभाविक वाटतं की त्यात कुणी काही निवडलं आहे हे लक्षातच येत नाही.

*

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर माझं सगळं चोख होतं, आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय आमचा व्यवसाय करता येत नाही. केला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये ही आज मोठ्या शहरात एका सेशनची फी असू शकते, त्यामुळे या कलमाची भीती कुणाला किती वाटत असेल ते सांगायला नको. गावोगाव बिनपदवीची माणसं ‘स्पीच’ ची पाटी लावून बसलेली मी पाहिली आहेत. वेखंड उगाळून जिभेला लावा, तोंडात खडे धरून वाचायला लावा, जिभेखालचा पडदा कापून घ्या, असे सल्ले घेऊन वर्ष-दीड वर्ष वाया घालवलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. त्या वर्षांची भरपाई होत नाही. म्हणून नोंदणी हवीच, आणि कडक हवी, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

पण त्या मुलाच्या वेळी माझा नोंदणी क्रमांक भिंतीवर चौकटीत होता. चाचणी मान्यताप्राप्त होती. फीची पावती दिलेली. पालकांची संमती घेतलेली. आमच्या आचारसंहितांचा गाभा जगभर एकच आहे: ज्याला गरज नाही, किंवा ज्याला फायदा होणार नाही, त्याच्यावर उपचार करू नका. ते वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. ते मोडत असताना मोडतोय असं मला वाटलंही नाही, कारण गरज आहे की नाही हे ठरवणारी मोजपट्टी माझ्याच हातात होती आणि ती सरळ आहे याची मला खात्री होती.

नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यासाठी सीआरईचे गुण लागतात, म्हणजे व्यवसायात असताना शिकत राहिल्याचे गुण. कल्पना फार चांगली आहे. मी नाशिकला गेले, मुंबईला गेले, मैसूरला गेले. सकाळी सही, चहा, तीन व्याख्यानं, जेवण, पुन्हा सही, प्रमाणपत्र. काही व्याख्यानांनी खरोखर डोळे उघडले. एका व्याख्यानात मला कळलं की फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं, मेणबत्ती विझवणं यांनी उच्चार सुधारतात याला पुरावा नाही. मी तोवर डझनाने शिट्ट्या वाटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी धुळ्याला येऊन मी शिट्ट्यांचा डबा माळ्यावर टाकला. एवढं सरळ शिकणं क्वचितच होतं.

बहुतेक वेळा गुण जमा होतात आणि माणूस तिथेच राहतो. कारण कार्यशाळेत कुणी आपलं काम पाहत नाही. आपण दुसऱ्याचं ऐकतो, पण बंद खोलीत आपण मुलाशी काय करतो, निदान कसं लिहितो, पालकांना काय सांगतो, हे बघणारं कुणी नसतं. लहान गावात एकटीने काम करणाऱ्याला तर नाहीच. माझी चूक ज्या गोष्टीने उघडी पाडली तिला एकही गुण मिळाला नाही.

*

२०१० च्या सुमारास इंटर्नशिप करणारी एक मुलगी माझ्याकडे काही महिने होती. साक्री तालुक्यातली. तिच्या घरात पदवी घेणारी पहिलीच. मी तिला जुन्या पत्रिका काढून दिल्या होत्या, निदान कसं लिहावं ते पाहायला. संध्याकाळी ती ही पत्रिका घेऊन आली. बराच वेळ उभी राहिली.

“मॅडम, एक विचारू? हा मुलगा अहिराणी घरातला होता का?”

मी म्हटलं, असेल, आठवत नाही.

“नाही, म्हणजे... या हिशोबाने माझे आई-वडील, आजी, आमचं सगळं गाव... मग आम्ही सगळेच पेशंट का?”

तिच्या आवाजात चिडकेपणा नव्हता. ती खरंच विचारत होती, कारण मी तिची शिक्षिका होते आणि उत्तर हो असेल तर तिला ते मानावं लागणार होतं. त्या वेळी मी काहीतरी थातूरमातूर बोलले: प्रमाण भाषा, शाळेची अपेक्षा, असं. ती ‘हो मॅडम’ म्हणून गेली. रात्री मला झोप लागली नाही. आजोबांचा तोंडावरचा हात मला सात वर्षांनी पहिल्यांदा दिसला.

मग मी वाचायला लागले, गुणांसाठी नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची एक प्राथमिक शाळा होती. तिथल्या काही काळ्या मुलांवर शाळेने अध्ययन-अक्षमतेचे वगैरे शिक्के मारले होते. १९७७ साली त्यांच्या आयांनी खटला भरला, आणि १९७९ साली न्यायालयाने सांगितलं की वाचन शिकवताना मुलांच्या घरची भाषा काय आहे हे शिक्षकांनी जाणून घेतलं पाहिजे. १९८३ साली तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर भूमिका घेतली: इंग्रजीची कोणतीही बोली हा वाचादोष नाही. मी २००३ साली ‘डोया’ ला दोष म्हणून लिहिलं तेव्हा या गोष्टीला वीस वर्षं झाली होती.

दुसरी गोष्ट मी विद्यार्थी असताना कधीतरी ऐकली होती, पण आता नीट वाचली. १९३९ साल, आयोवा. वेंडेल जॉन्सन या नावाजलेल्या प्राध्यापकांच्या हाताखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हेनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या बावीस मुलांवर प्रयोग केला. त्यात काही मुलं अगदी नीट बोलणारी होती. त्यांना मुद्दाम सांगितलं गेलं की तुम्ही अडखळायला लागला आहात, सांभाळून बोला, नीट येत नसेल तर बोलू नका. ती मुलं अडखळणारी झाली नाहीत. पण बोलेनाशी झाली. वर्गात गप्प, मान खाली. जॉन्सन स्वतः अडखळत बोलणारे होते, ते काही दुष्ट माणूस नव्हते. अडखळणं कानावर पडणाऱ्या शेऱ्यांतून सुरू होतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. २००१ साली हे प्रकरण वर्तमानपत्रात आलं तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली, २००७ साली राज्याने नुकसानभरपाई दिली. तोवर ती मुलं सत्तरी-ऐंशीला आली होती, काही वारली होती.

आयोवातल्या प्रयोगाशी माझ्या चुकीची बरोबरी मी करत नाही. तिथे खोटं सांगितलं जात होतं, मी मनापासून खरं समजून सांगितलं. पण ऐकणाऱ्या मुलाच्या कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं: तुझं बोलणं बिघडलेलं आहे. आणि आयोवात निदान आजोबांना कुणी गप्प केलं नव्हतं.

*

त्या इंटर्नला मी दोन वर्षांनी फोन केला. ती आता माझ्याबरोबर काम करते, आणि आमची केस हिस्टरी तिने नव्याने लिहिली आहे. पहिला प्रश्न: घरात कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतं? आजी काय बोलते, वडील शेतात काय बोलतात, आई माहेरी फोनवर काय बोलते. चाचणी घेताना घरातलं एक मोठं माणूस खोलीत बसतं आणि तेच शब्द म्हणतं. आधी त्यांचं ऐकायचं, मग मुलाचं.

यातून पुढे जे झालं ते मात्र सरळ नाही. बोलीला मान द्यायचा हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. सात वर्षांची एक मुलगी आली. शब्दांचे शेवट गाळायची. ‘माणूस’ ला ‘मानू’. वर्गात लक्ष नसतं अशीही तक्रार होती. मी घरच्यांचं बोलणं ऐकलं, अहिराणी घर, आणि समाधानाने म्हटलं, काही नाही, बोलीचा परिणाम आहे, घरी पाठवा. माझी सहकारी दारात उभी होती. पालक बाहेर गेल्यावर म्हणाली, “मॅडम, अहिराणीत ‘स’ गळत नाही. अहिराणीत ‘स’ शिवाय वाक्यच पुरं होत नाही. करस, जास, खास, दुखस. ही मुलगी आजीला काय म्हणत होती ऐकलंत का? ‘मी जा’, ‘माय करं’. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही.”

पालकांना जिन्यावरून परत बोलावलं. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. खालच्या पट्टीचं सगळं ऐकू येत होतं, हाक मारली की वळत होती, म्हणून घरी कुणाला शंका नव्हती. पण आलेख वरच्या पट्टीकडे घसरत गेला होता. ‘स’ हा तिथला, उंच पट्टीचा, हलका आवाज. तो तिला ऐकूच येत नव्हता. शब्दाच्या सुरुवातीला ओठ-दात बघून कसाबसा काढायची, शेवटचा तिच्यासाठी नव्हताच. वर्तमानकाळाची सगळी क्रियापदं तिच्या कानाला अर्धीच येत होती. प्रमाण मराठीच्या वाक्यांवर तपासलं असतं तर ‘करते’, ‘जाते’ यांत हे सहज लपलं असतं. अहिराणी जाणणाऱ्या कानालाच ते दिसलं.

त्या मुलीला दोन्ही कानांना मशीन लागली. तिच्या आजीने मला विचारलं की आता ती शुद्ध बोलेल का. मी म्हटलं, आजी, आता ती तुमच्यासारखं बोलेल. आजींना हे उत्तर फारसं आवडलेलं दिसलं नाही.

हीसुद्धा एक अडचण आहे आणि मी ती टाळणार नाही. पालकांना ‘ळ’ हवा असतो. त्यांना स्वतःला लोक हसले आहेत, कॉलेजात, पुण्याच्या इंटरव्ह्यूत, बँकेच्या काउंटरवर. ‘माझ्या पोराला ते नको’ असं एखादा बाप सांगतो तेव्हा बोलीच्या अभिमानावर भाषण देणं मला जमत नाही, आणि पुण्यात वाढलेल्या बाईने ते देऊही नये. १९८३ च्या त्या भूमिकेतही हे म्हटलं आहे की कुणाला स्वतःहून प्रमाण उच्चार शिकायचे असतील तर तज्ज्ञाने शिकवायला हरकत नाही, पण त्याला दोष म्हणायचं नाही. आम्ही तेच करतो. पत्रिकेवर निदानाच्या रकान्यात ‘वाचादोष नाही’ असं लिहितो, पालकांना वाचून दाखवतो, आणि मग सांगतो की ही शिकवणी आहे, हवी तर घ्या, नको तर पैसे वाचवा. मुलाला सांगतो की तुला एक बोलणं येतं, त्यावर हे दुसरं. काही जण शिकवणी घेतात. काही जण दुसऱ्या ठिकाणी जातात, जिथे ‘दोष’ लिहून मिळतो, कारण दोष म्हटलं की शाळा गप्प बसते. दवाखान्याचं भाडं भरायचं असतं, हेही खरं आहे. चार महिन्यांच्या सेशनांना ‘गरज नाही’ म्हणायची किंमत दर वेळी हिशोबाच्या वहीत दिसते.

*

एका प्रकरणाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, आणि त्यात वाचा व भाषेचं अपंगत्व स्वतंत्रपणे आहे. १९९५ च्या कायद्यात ते नव्हतं. नव्या कायद्यातली व्याख्या अशी की स्वरयंत्र काढणं किंवा वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा जाणं) यांसारख्या, शरीरातल्या वा मज्जासंस्थेतल्या कारणांनी आलेलं कायमचं अपंगत्व. चाळीस टक्के किंवा अधिक असलं तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. वाचाघात मोजायला वेस्टर्न अफेझिया बॅटरी नावाची चाचणी वापरतात आणि तिच्या गुणांवरून टक्केवारी काढतात.

साठीच्या आतले एक शेतकरी. लकवा येऊन आठ महिने झालेले, उजवा हात गेलेला, बोलणं गेलेलं. अहवालासाठी माझ्याकडे आले. मी मराठीतून चाचणी घेतली. कात्री दाखवली, शब्द नाही. माझ्यामागे म्हणा, तर अर्धवट. खिडकीकडे बोट दाखवा, तर कधी दाखवलं, कधी नाही. गुण फार कमी. मी आकडे मांडत होते तेवढ्यात त्यांच्या पत्नी आत डोकावून म्हणाल्या, “पानी दिऊ का?”

ते म्हणाले, “नही. च्या लई ये.”

पूर्ण वाक्य. नकार, वस्तू, क्रियापद, सगळं जागच्या जागी. आम्ही चाचणी थांबवली. पुढच्या आठवड्यात माझ्या सहकारीने तीच तपासणी अहिराणीतून घेतली. शब्द अजून अडत होते, पण गुण बरेच वर गेले. इतके वर की टक्केवारी चाळीसच्या खाली आली.

मराठीतल्या गुणांवर अहवाल दिला असता तर त्यांना प्रमाणपत्र मिळालं असतं. अहिराणीतला आकडा खरा होता, तो त्यांच्या मेंदूत उरलेल्या भाषेचा होता. पण तलाठी कार्यालयात, बँकेत, सरकारी दवाखान्यात त्यांच्याशी अहिराणीत कोण बोलणार? तिथे तर ते माझ्या पहिल्या चाचणीतलेच होते. तोच कायदा म्हणतो की अपंगत्व म्हणजे नुसती शरीरातली उणीव नाही, ती समोरच्या अडथळ्यांना भिडते तेव्हा माणसाला सहभागी होता येत नाही, ते अपंगत्व. मग अडथळे मोजायचे कशात?

मी दोन्ही आकडे लिहिले. त्यांची पहिली भाषा अहिराणी असल्याने तोच गुण धरावा, पण मराठीत चालणाऱ्या प्रत्येक व्यवहारात ते जवळजवळ मुके आहेत, याचा विचार व्हावा, असा एक लांब परिच्छेद जोडला. फॉर्मवर एकच रकाना होता, त्यात एकच आकडा बसतो. परिच्छेद कुणी वाचला की नाही मला माहीत नाही. प्रमाणपत्र मिळालं नाही. त्यांचा मुलगा कागद घेऊन आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “मॅडम, तुम्ही मराठीतलंच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?”

मी त्याला चाचणीचा नियम सांगितला. तो म्हणाला, “ते बरोबर असेल.” आणि गेला. मी आजही तेच लिहीन का, असं सहकारी मला अधूनमधून विचारते. लिहीन, कारण एकदा सोयीसाठी खोटा आकडा लिहिला की खऱ्याला किंमत उरत नाही. पण रकाने बनवणाऱ्यांनी इथे येऊन त्या मुलाच्या समोर एकदा बसावं असं मला फार वाटतं.

*

आमची एक शब्दयादी तयार होते आहे, अहिराणी बोलणाऱ्या मुलांसाठी. शंभर चित्रं. माझी सहकारी गावोगावच्या आज्यांना ती दाखवून आवाज टिपते. साक्रीकडे एक शब्द, शिरपूरकडे दुसरा, जळगावच्या लेवा घरांत तिसराच. त्यामुळे आम्ही चित्राखाली काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे. कोणत्या वयाच्या मुलांना कोणता आवाज यायला हवा, हे ठरवायला अजून कितीतरी मुलं तपासावी लागतील. माझ्या हयातीत ते पुरं होईल असं वाटत नाही. तिच्या होईल.

गेल्या वैशाखात तिच्याच भावाच्या लग्नाला गेले होते. मांडवात एक तिशीच्या आतला तरुण समोर येऊन वाकला. मी ओळखलं नाही. त्याने नाव सांगितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ते नाव मी इतक्या वर्षांत कितीदा वाचलं होतं. पुण्यात असतो म्हणाला, चांगली नोकरी आहे. बायकोला पुढे केलं. “ह्याच त्या मॅडम. यांनीच मला शुद्ध बोलायला शिकवलं.” त्याचा ‘ळ’ सुरेख होता. माझ्यापेक्षा स्वच्छ.

मी आजोबांबद्दल विचारलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. “तुमची आठवण काढायचे,” तो म्हणाला. काय आठवण काढायचे हे विचारायचा धीर मला झाला नाही. मी त्याला काहीतरी सांगणार होते, शब्द जुळवत होते, तेवढ्यात मागून त्याच्या आईने हाक मारली.

“भाऊ, जेवाले चाल ना. पंगत बसनी.”

“आलोच, आई,” तो मागे वळून म्हणाला. “तू हो पुढे.”